आईचा चेंज

माझ्या आईच्या बोलण्यात इंग्रजी शब्द थोडे होते, आणि होते तेवढे सगळे गिरणीतून आलेले. बोनस, फंड, ग्रॅच्युइटी, जॉबर, लॉकआउट, युनियन. बाबांच्या सदऱ्याला चिकटलेल्या कापसाबरोबर ते घरात यायचे आणि लालबागच्या आमच्या खोलीत राहून जायचे. आई ते शब्द अचूक वापरायची, पण त्यांतला एकही तिचा नव्हता. बोनस बाबांचा, फंड बाबांचा, लॉकआउट मालकाचा.

2018 साली, वयाच्या 73व्या वर्षी, तिनं पहिल्यांदा एक इंग्रजी शब्द स्वतःसाठी वापरला. गुरुवार होता. पेपर पसरून ती लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मला जरा चेंज हवाय."

भाऊ, वहिनी, मी, आम्ही तिघंही होतो. कुणालाच चटकन काही बोलता आलं नाही.

परळच्या एका रात्रशाळेत मी 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. दिवसा कुठे कुठे राबून संध्याकाळी साडेसहाला बाकावर येऊन बसणारी माणसं माझे विद्यार्थी. कुणी कुरियरवाला, कुणी कॅन्टीनमध्ये भांडी घासणारा, कुणी चार घरची कामं उरकून आलेली बाई. 'चेंज' हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याला गणती नाही. इंग्रजीत हे नाम दोन तऱ्हांनी वागतं. काहीतरी बदललं असं सांगायचं असेल तर ते मोजता येतं, अ चेंज, मेनी चेंजेस. सुट्टे पैसे असा अर्थ असेल तर मोजता येत नाही. तिथे आधी 'अ' लावायचा नाही, पुढे अनेकवचन करायचं नाही. मुलांना हे कधी पटायचं नाही. "बाई, मोजायचेत तर पैसेच ना?" असं विचारायची. खरं होतं त्यांचं. पैसे मोजायचे आणि शब्द मोजायचा नाही, हा नियम मी पाठ करून घ्यायचे, पण समजावून सांगणं मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही.

एका वर्षी चाचणीत 'चेंज' वापरून वाक्य करा असं दिलं होतं. चहाच्या टपरीवर काम करणाऱ्या एका मुलानं लिहिलं, 'आय हॅव नो चेंज.' स्पेलिंग बरोबर, 'अ' लावलेला नाही, पूर्ण गुण. पण ते वाक्य बघून मी थबकले. पहाटे चारला उठणं, दूध उतरवून घेणं, दिवसभर ग्लास विसळणं, संध्याकाळी शाळा, रात्री टपरीमागेच झोपणं, असा त्याचा दिवस मला माहीत होता. मी त्याला जवळ बोलावून विचारलं, कुठल्या अर्थानं लिहिलंस? तो गोंधळला. "सुट्टे, बाई. सकाळी सकाळी गिऱ्हाईक पाचशेची नोट काढतं ना!"

त्याच्या मनात दुसरा अर्थ नव्हता. तो माझ्या मनात होता. तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

आता थोडं या सुट्ट्यांविषयी. मराठीत या एका गोष्टीला किती शब्द आहेत ते बघा. चिल्लर, खुर्दा, मोड, सुट्टे. मोड हा मला फार आवडणारा शब्द. "दहाची मोड आहे का?" असं आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या विचारायच्या. नोट मोडायची, म्हणजे तिचे तुकडे करायचे. मोडलेली नोट पुन्हा सांधता येत नाही, म्हणून मोडताना हात जरा अडखळायचा. 'शंभराची नोट मोडावी लागली' या वाक्यात खर्चाची हळहळ आपोआप येते, वेगळी सांगावी लागत नाही. खुर्दा हा शब्द फारसीतून आलेला. 1761 साली पानिपतच्या बातमीचं जे पत्र पेशव्यांच्या हाती पडलं असं सांगतात, त्यात सावकारी सांकेतिक भाषा होती. मोती म्हणजे घराण्यातले वीर, मोहरा म्हणजे सरदार, आणि ज्यांची गणतीच झाली नाही ती हजारो माणसं म्हणजे खुर्दा. शाळेत हे शिकले तेव्हा मोत्यांचं वाईट वाटलं होतं. मोठी झाल्यावर खुर्द्याचं वाटायला लागलं.

आई आणे-पैच्या काळात जन्मली. 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि तरीही पुढे जन्मभर ती चाराणे-आठाणेच म्हणत राहिली. 30 जून 2011 पासून चाराण्याचं नाणं व्यवहारातून गेलं. तिच्या डब्यात अशी वीस-पंचवीस नाणी उरली होती. मुदतीच्या आधी बँकेत देऊन टाक म्हटलं तर म्हणाली, "राहू देत, तेवढ्यासाठी कुठे जायचं."

एक गोष्ट माझ्या कायम लक्षात आलेली आहे. या शहरात लोक उठता बसता चेंज चेंज करतात, पण बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर "सुट्टे काढा" असंच म्हणतो. बाजारात भाजीवाली सुट्टेच मागते. पैशाच्या अर्थी इंग्रजी शब्दाला मराठीनं दारातच थांबवून धरलं. तो मॉलच्या गल्ल्यावर ऐकू येतो, हॉटेलात ऐकू येतो, पण फुटपाथवर उतरला की सुट्टेच. आता तर टपरीवर क्यूआरचा चौकोन चिकटवलेला असतो आणि पैसे आल्याचं यंत्रच ओरडून सांगतं. माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलांना सुट्ट्यांची अडचण ठाऊकच नव्हती. त्या मुलाचं ते वाक्य आज कुणी लिहिलं, तर त्याचा बहुधा एकच अर्थ उरेल.

सुट्टे हा शब्द सुटणे या क्रियापदातला. आणि सुटीसुद्धा त्यातलीच. शाळा सुटते, गिरणी सुटते, म्हणून सुटी. हे दोन शब्द सख्खे आहेत हे मला निवृत्तीनंतर एका दुपारी उमगलं आणि मी हातातलं काम टाकून नुसती बसून राहिले. इंग्रजीनं जे 'चेंज' या एका शब्दात बांधलं आहे, हातातले सुटे पैसे आणि रोजच्यातून थोडी मोकळीक, ते मराठीनं आपल्या पद्धतीनं आधीच एका धातूत बांधून ठेवलं होतं. बांधलेलं सुटं झालं पाहिजे. नोट असो, नाहीतर माणूस.

पण सुटी कुणाला? ज्याला कुणीतरी कामाला धरलंय त्याला. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती 10 जून 1890 रोजी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी कित्येक वर्षं अर्ज केले, सभा घेतल्या. आज सगळा देश रविवारी उशिरा उठतो त्यात या माणसाचा वाटा आहे. मला लोखंड्यांबद्दल मनापासून आदर आहे. पण आमच्या खोलीत रविवारी काय व्हायचं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आई खानावळ चालवायची. बाबांशिवाय आणखी पाच गिरणी कामगार आमच्याकडे जेवायचे, महिन्याच्या पैशांवर. बायका गावी, हे इथे गाळ्यात. गिरणगावात अशा घरोघरी खानावळी होत्या. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र केलं, त्यांना कर्जं मिळवून दिली, तोवर त्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस डाळ-भात-भाजी, आणि रविवारी मटण. म्हणजे रविवारी वाटण जास्त, भाकऱ्या जास्त, भांडी जास्त. बाबांची सुटी असायची तो आईचा सगळ्यात लांब दिवस असायचा. तिला कुणी कामावर घेतलं नव्हतं. मग ती सुटणार कुठून?

बाबा संगमेश्वराकडचे. 1962 साली मुंबईत आले आणि गिरणीत बदली म्हणून लागले. लागले म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभे राहायचे. कुणा कायम कामगाराचा खाडा झाला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवसापुरतं काम. खाडा नाही झाला तर परत घरी. नऊ वर्षं ते बदली होते. आई सांगते, बाबा घराबाहेर पडले की ती भात टाकायची नाही. भोंगा होऊन अर्धा तास गेला आणि बाबा परत आले नाहीत, तर समजायचं आज काम मिळालं. मग चूल पेटायची.

बदल हा शब्द अरबी. मूळ अर्थ 'एकाच्या जागी दुसरं'. मोबदला त्यातलाच. 'त्याच्याबद्दल' मधला बद्दल सुद्धा त्यातलाच, एकाच्या ऐवजी, एकाच्या पोटी. आणि इंग्रजी चेंज? तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला, फ्रेंचमध्ये लॅटिनच्या काम्बिआरे या क्रियापदापासून आला, आणि त्याचाही मूळ अर्थ हाच, एक देऊन दुसरं घेणं. म्हणजे दोन्ही शब्द बाजारात वाढलेले. दोन्ही हिशेबाचे. इकडचं माप तिकडे टाकायचं. माझे बाबा या शब्दाचा मूळ अर्थ नऊ वर्षं जगले, एकाच्या जागी दुसरा. कोशात बघायची त्यांना गरज नव्हती.

1971 साली ते कायम झाले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतला असं कुणी कधी रीतसर सांगितलंच नाही. बाबांच्या गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही. त्या वेळी मी सोळा वर्षांची होते. संपात खानावळीची माणसं गावी गेली, ती परत आली नाहीत. आई लाडू वळायला लागली, पापड लाटायला लागली. त्या काळाला आमच्या घरात कुणी 'बदल' म्हटल्याचं मला आठवत नाही. आई म्हणायची, "दिवस फिरले."

पुढे 2016च्या नोव्हेंबरात नोटबंदी झाली. आईनं तांदळाच्या डब्यात जपलेल्या पाचशेच्या सात नोटा निघाल्या. बाबा त्या घेऊन रांगेत उभे राहिले. सुरुवातीला एका माणसाला 4,000 रुपयांपर्यंतच बदलून मिळत होते. त्या रांगेत मी त्यांच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले, "गेटवर उभा राहायचो, त्याची सवय आहे." चेहरा शांत होता. मला मात्र तिथून निघाल्यावर रडू आलं. पुढच्या वर्षी बाबा गेले.

आता माझी तक्रार. मला 'चेंज' या नामाचा राग नाही. राग आहे तो 'चेंज करणे' आणि 'चेंज होणे' या क्रियापदांचा. हे क्रियापद आमच्या घरातली चांगली चांगली क्रियापदं खाऊन बसलं आहे.

भाच्याचा आवाज बदलायला लागला तेव्हा त्याची आई फोनवर कुणालातरी सांगत होती, "अरे, त्याचा व्हॉइस चेंज झालाय." आमच्याकडे मुलाचा आवाज फुटतो. फुटतो, जसा कोंब फुटतो, जसा घसा फाटतो, दोन्ही त्यात आहे. मे महिन्याच्या शेवटी कोकणात वारा फिरतो. वारा फिरला म्हटलं की गावचा माणूस कौलं बघायला लागतो, लाकडं आत घेतो. 'वेदर चेंज झालंय' यावर कोणी लाकडं आत घेत नाही. लोक घर चेंज करतात. पूर्वी बिऱ्हाड हलायचं, आणि त्या हलण्यात टेम्पोत चढवलेली गादी, वरती ठेवलेली तुळशीची कुंडी, मागे राहिलेले शेजारी, सगळं दिसायचं. नव्या साडीची घडी मोडायची. झोपेत कूस पालटायची. नोकरी सोडायची आणि दुसरी धरायची, म्हणजे सोडणं आणि धरणं यांच्या मधला तो हात रिकामा असतानाचा क्षणही त्यात यायचा. मत पालटायचं, पीक फेरपालटायचं, दिवस फिरायचे, नोट मोडायची. प्रत्येक वेळी ते कसं झालं हे क्रियापदच सांगायचं. फुटून झालं, फिरून झालं, मोडून झालं, की हलवून झालं. 'चेंज झालं' एवढंच सांगतं की आधी एक होतं, आता दुसरं आहे. मधलं सगळं गळून जातं. शिक्षक म्हणून मला या मधल्याचीच काळजी आहे. मुलांना इंग्रजी यावं म्हणून मी आयुष्य घातलं, पण त्यांचा वारा फिरायचा थांबावा यासाठी नव्हे.

कुणी म्हणेल, शुद्ध मराठीचा आग्रह. तसं नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द दिले. ते रुजले, मीही वापरते. पण ज्या 'बदल'साठी मी भांडेन तोच अरबी आहे, खुर्दा फारसी आहे, आणि आईचा बोनस लॅटिनमधून आलेला आहे. शब्द कुठून आला याची मला पर्वा नाही. तो आल्यावर घरातलं कोण बाहेर गेलं, एवढं मी बघते.

आणि काही ठिकाणी चेंज आपली जागा कमावूनच बसला आहे. दादरचंच घ्या. मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जायचं म्हणजे 'दादरला चेंज करायचं'. हे इतकं रुळलं आहे की त्याला दुसरा शब्द सुचत नाही. 'गाडी बदलायची' म्हटलं तर गाडीत काही बिघाड झाला असं वाटतं. दादरला चेंज म्हणजे पूल, गर्दी, खांद्यावरची पिशवी पुढे ओढून घेणं, जिन्यावर पुढच्या बाईच्या टाचेकडे बघत चढणं. वर्षानुवर्षं दोन्ही रेल्वेंचे फलाट तिथे आपापले एकपासून मोजलेले होते, त्यामुळे दोन नंबरचा फलाट विचारला की कुठला दोन, असा उलट प्रश्न यायचा. डिसेंबर 2023 मध्ये सगळे फलाट सलग मोजायला घेतले, पश्चिमेचे 1 ते 7 राहिले आणि मध्यचे 8 पासून 14 पर्यंत झाले. मी त्यानंतरही महिनाभर चुकत होते. पाय जुन्या आकड्यांवर चालतात.

आईकडे वळते.

ती 'चेंज हवाय' म्हणाली तेव्हा भावाला वाटलं महाबळेश्वर. वहिनीला वाटलं, आपलं काही चुकलं. तिचा चेहरा उतरलेला मी बघितला. आई जर 'मला विश्रांती हवी' म्हणाली असती तर ते सरळ वहिनीवर गेलं असतं, या घरात म्हातारीला विश्रांती नाही असा अर्थ झाला असता. 'कंटाळा आला' म्हणाली असती तर आम्हा सगळ्यांवर गेलं असतं. पण तिनं शब्द निवडला होता वहिनीचाच. वहिनी अंधेरीला नोकरीला जाते आणि शनिवारी रात्री म्हणते, "चेंज म्हणून आज पुलाव करते." आईनं तो तिथून उचलला होता. हे वहिनीच्या लक्षात आलं आणि ती हसली. "आई, चेंज तर मलाही हवाय," म्हणाली. खोलीतला ताण निघून गेला.

मी पुढे कित्येक दिवस यावर विचार करत होते. आईकडे मोकळिकीसाठी शब्द नव्हते का? होते. हवापालट होता. पण हवापालट डॉक्टर सांगायचे, आणि त्यासाठी आधी आजारी पडावं लागायचं. माझ्या लहानपणी आईला एकदा टायफॉइड झाला, तेव्हा डॉक्टरांनी हवापालट सांगितला आणि ती महिनाभर गावी गेली. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, ती 1998 साली पूर्ण झाली. एसटीनं रात्रभर बसून गेली. परत आल्यावर तिच्या तोंडून ऐकलेलं वाक्य मला अजून आठवतं, "आजारपणानं बरं केलं." माहेरपण हा दुसरा शब्द. पण त्याला माहेर लागतं, बाळंतपण नाहीतर सण लागतो, आणि भावजयीची मर्जी लागते. तिसरा शब्द सुटी. त्याचं वर सांगितलंच. तीर्थयात्रा चौथा, त्याला पुण्याचं कारण हवं. म्हणजे प्रत्येक शब्दाला आधी काहीतरी द्यायचं, मग मोकळीक घ्यायची. आजार द्या, बाळंतपण द्या, नोकरी द्या, पुण्य करा.

चेंजला काही द्यावं लागत नाही. ज्या शब्दाचा जन्मच एक देऊन दुसरं घेण्यातून झाला, तो लालबागच्या खोलीत आला तेव्हा त्याच्यामागे कुठलाच हिशेब उरला नव्हता. म्हणूनच आईला तो हवा होता. तो नुसता होता. जाऊन परत येण्याएवढा.

"कुठे जाऊ या?" मी विचारलं. तिचं ठरलेलं होतं. रविवारी दुपारी, माटुंग्याला. ती आणि मी.

बसनं गेलो. ती खिडकीशी बसली. माटुंग्याच्या फुलवाल्यांपुढे ती बराच वेळ उभी राहिली. ते झरझर गजरे ओवत होते आणि ती त्यांच्या बोटांकडे बघत होती, कामाच्या माणसानं कामाच्या माणसाकडे बघावं तशी. अबोली घेऊ का म्हटलं तर नको म्हणाली. मग स्वतःच थोडा मोगरा घेतला, केसांत घातला नाही, रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. नंतर उडप्याकडे इडली-सांबार आणि कॉफी. सांबारात काय काय घातलंय ते तिनं चवीनं ओळखून मला सांगितलं. दुसऱ्याच्या हातचं गरम अन्न समोर ठेवलंय आणि आपल्याला उठायचं नाहीये, याची तिला सवय नव्हती. दोनदा ती अर्धवट उठली, पाणी घ्यायला. दोन्ही वेळा मी तिचा हात धरून बसवलं. पैसे तिनंच दिले. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, "चेंज आहे का आजी?" तिनं माझ्याकडे बघितलं, रुमालाची दुसरी गाठ सोडली आणि दहाची दोन नाणी त्याच्यापुढे ठेवली.

परत येताना बसमध्ये ती काही बोलली नाही. लालबाग आल्यावर म्हणाली, "पुढल्या वेळी वहिनीला पण घेऊ."

त्यानंतर हे सुरू राहिलं. कधी राणीच्या बागेत, कधी वरळीला समुद्रावर, कधी नुसतं बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन यायचं. कोरोनात दोन वर्षं बंद पडलं, तेव्हा ती रोज गॅलरीच्या एका टोकाच्या खुर्चीवरून दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसायची आणि वहिनीला सांगायची, "चेंज करून आले."

आता ती 80 वर्षांची आहे. भिंतीवर कालनिर्णय आहे, त्याच्या चौकोनांत ती पेन्सिलीनं लिहिते. ही सवय बाबांच्या बदलीच्या काळातली. तेव्हा ज्या दिवशी बाबांना काम मिळायचं नाही त्या तारखेवर ती 'खा' लिहायची. आता तो 'खा' दुधाचा आहे. भैया आला नाही, त्या दिवसाचा खाडा. त्याच अक्षरात, त्याच पेन्सिलीनं, काही रविवारांवर 'चें' लिहिलेलं असतं.

महिना संपला की ती चष्मा लावून पान उलटायच्या आधी दोन्ही मोजते. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा मोजणं चालू होतं. दुधाचे चार खाडे निघाले, त्याचे पैसे कापायचे म्हणून तिनं कोपऱ्यात आकडा मांडला. मग 'चें' मोजला. एकच होता. तिनं तो पुन्हा एकदा शोधला, पान थोडं वर करून मागेही बघितलं.

"एकच झाला गो," मला म्हणाली. "या महिन्यात दोन लिही."